ड्रॉइंग एक, गच्च्या हजार

शेडचं डिझाइन करणाऱ्याला फी सांगायला फारसा विचार करावा लागत नाही. वडोदऱ्यात तरी नाही. मकरपुरा, वाघोडिया, सावली, कुठल्याही जीआयडीसीतला (सरकारी औद्योगिक वसाहतीतला) मालक प्लॉटचं माप सांगतो, क्रेन आहे की नाही ते सांगतो, आणि आपण चौरस फुटावर किंवा स्टीलच्या टनावर एक आकडा टाकतो. तो निम्मा करून मागतो, आपण थोडे उतरतो, चहा येतो. कलाभवनातून, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, बाहेर पडल्यापासून माझा धंदा असाच चालला आहे आणि तक्रार करावी असं त्यात काही नाही. शेड एकच असते. ती उभी राहिली, हिशेब मिटला.

मागच्या एका कामात मात्र हा रिवाज लागू पडेना. मकरपुऱ्यातल्या एका फॅब्रिकेशनवाल्यांची शेड आणि आतला मेझनाइन (मधला मजला) मीच केला होता. दोघे भागीदार. शेठ गुजराती, हिशेब आणि पार्ट्या तेच सांभाळतात. दुसरे आपले मराठी, दांडिया बाजारच्या जुन्या घरातले, वर्कशॉप त्यांच्या हातात. त्यांना आता घराच्या गच्चीवर बसणारं सोलरचं स्ट्रक्चर काढायचं होतं. ३ किलोवॅटचं किट, सहा पॅनेलं, खालून माणूस ताठ चालेल इतक्या उंचीवर. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. एक कोटी घरं, आणि ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी. तेव्हापासून गुजरातेत ३ किलोवॅट हे माप घराघरात पाठ झालं आहे. हे दोघे स्ट्रक्चर आधीपासून बनवत होतेच, पण ते वेल्डरच्या अंदाजाने. मोठे इन्स्टॉलर आता ड्रॉइंग, कॅल्क्युलेशन आणि स्टॅबिलिटी सर्टिफिकेट मागायला लागले होते.

"साहेब, छोटंसं काम आहे," मराठी भागीदार म्हणाले. "चार खांब, दोन राफ्टर, चार पर्लिन. तुमच्या मेझनाइनपुढे काहीच नाही."

राफ्टर म्हणजे खांबांवरचे मुख्य दांडे, पर्लिन म्हणजे त्यांवरचे, पॅनेल पेलणारे आडवे दांडे. आकाराने खरंच काही नव्हतं. मी घरी येऊन तासांवर हिशेब मांडला. मॉडेल, वाऱ्याचं गणित, जोड, बेस प्लेट (खांबाच्या तळाची प्लेट), वर्कशॉपसाठीचं शॉप ड्रॉइंग, एक नमुना उभा करून तपासणी. दोनेक आठवड्यांचं काम. नेहमीच्या दराने पाऊण लाखाच्या आसपास आकडा आला. तो तसाच सांगितला असता तर कदाचित शेठनी साठावर आणून मान्यही केला असता. पण आकडा सांगण्याआधी सहज विचारलं, वर्षाला किती किटं जातील? शेठ म्हणाले, हजार तर कुठेच गेली नाहीत. मग हसून, "एक वार डिझाइन थई गयुं, पछी तो झेरोक्स ज छे ने, साहेब?" एकदा डिझाइन झालं की मग झेरॉक्सच ना!

तिथेच मी आकडा खिशात ठेवला आणि आठवडाभराने सांगतो म्हणालो.

शेठचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे आधी कबूल करायला हवं. दुसऱ्या किटला माझा एक मिनिटही खर्च होत नाही. हजार किटांचे हजारपट पैसे मागणारा कन्सल्टंट वेडाच. पण पाऊण लाखाला हजार किटं म्हणजे किटमागे पंचाहत्तर रुपये. पाच हजार गेली तर पंधरा. आणि प्रत्येक किट एका कुटुंबाच्या डोक्यावर, माझ्या सहीखाली. इथे तासांचा हिशेब दोन्ही बाजूंनी तुटतो. एकच किट विकलं गेलं तर गिऱ्हाइकाला तो फार महाग, हजार विकली गेली तर मला फार स्वस्त. नक्की कितीला बरोबर, ते डिझाइन करताना कोणालाच माहीत नसतं.

या किटाला नक्की काय होतं, तेही थोडं सांगतो, कारण फीचा अर्धा भाग त्यातच आहे. पॅनेल साधारण २२७८ गुणिले ११३४ मिलिमीटरचं. सहा पॅनेलं म्हणजे साडेपंधरा चौरस मीटरचं छप्पर, आणि सगळ्या पॅनेलांचं मिळून वजन पावणेदोनशे किलोच्या आत. खाली दाबणारं वजन काहीच नाही. प्रश्न वर उचलणाऱ्या वाऱ्याचा. आयएस ८७५ या भारतीय कोडच्या तिसऱ्या, वाऱ्याच्या भागात वडोदऱ्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर. दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, चौरस मीटरला साधारण ११६० न्यूटन. उंची, परिसर, दिशा यांचे गुणक लावले, छपराच्या कोनाचा गुणांक लावला, तरी उचलण्याचा जोर टनाच्या पुढेच राहतो. म्हणजे वादळात हे चार खांबांचं किट गच्चीला घट्ट धरून ठेवायचं आहे, उभं करून ठेवायचं नाही. भागीदारांच्या जुन्या नमुन्यात खांबाचा पाइप जाड होता आणि बेस प्लेट पातळ. वजन होतं, पण नको त्या जागी. वेल्डरला खांब वाकेल याची भीती वाटते. खांब उपटला जाईल हे त्याच्या डोळ्यांसमोर येत नाही.

मग गच्ची. जुन्या वाडी, रावपुरा भागातल्या गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर चिनी मोझेक. त्या कोब्यात अँकर ठोकला तर तो नुसता बसलेला दिसतो, धरत काहीच नाही. खालच्या स्लॅबपर्यंत भोक गेलं पाहिजे. पण घरमालक भोक पाडू देत नाही, वॉटरप्रूफिंग जाईल म्हणतो, आणि त्याचंही बरोबर असतं. मग काँक्रीटचे ठोकळे. ते किती मोठे, एकमेकांना बांधलेले की सुटे, पॅराफिटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) किती आत? भायली किंवा वाघोडिया रोडच्या नव्या सोसायट्यांत एका बाजूला अजून मोकळी शेतं आहेत, तिथे वारा अडत नाही. मध्य शहरात अडतो. एकाच ड्रॉइंगला हे सगळं झेलायचं असेल तर सगळ्यात वाईट धरावं लागतं, आणि वाईट धरलं की स्टील वाढतं.

शिवाय किट वडोदऱ्यातच राहील असं थोडंच. शेठचे डीलर राजकोटला होते, भुजला होते. राजकोट ३९ मीटर, भुज ५०. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे भुजला राजकोटच्या दीडपटीहून जास्त. २०१५ च्या सुधारणेत किनाऱ्यापासून साठेक किलोमीटरच्या पट्ट्यात चक्रीवादळाचा वेगळा गुणकही आला, आणि त्यात गुजरातचा किनारा आहे. मे २०२१ चं तौक्ते आणि जून २०२३ चं बिपरजॉय पाहिलेल्या माणसाला हा गुणक समजावून सांगावा लागत नाही.

एका गोष्टीवर माझी आणि मराठी भागीदारांची चांगलीच जुंपली. पॅनेलचं आयुष्य पंचवीस वर्षं, मग वाराही पंचवीस वर्षांचाच, म्हणजे तेवढ्या काळात अपेक्षित असेल तेवढ्याच जोराचा धरा, असं त्यांना एका इन्स्टॉलरने सांगितलं होतं. कोडमध्ये तशी सोय आहे. ४४ मीटरच्या भागात गुणक ०.९१ होतो आणि दाब सतराएक टक्क्यांनी उतरतो. मी नाही म्हटलं. पॅनेल काढलं तरी आपल्याकडे स्ट्रक्चर कोण काढतं? त्यावर पत्रे टाकतात. खाली वॉशिंग मशीन येतं, उन्हाळ्यात पापड वाळतात, मुलं अभ्यास करतात, एखाद्या घरी तर आजोबांची खाट पडते. हे छप्पर आहे, यंत्राचा स्टँड नाही. पन्नास वर्षांचा वारा धरला आणि फीच्या बोलण्यात हा विषय पुन्हा येऊ दिला नाही.

आता पैशाकडे. माझ्या ओळखीतल्या एका प्रेस टूलवाल्याला, म्हणजे पत्र्याचे भाग काढणारे साचे (डाय) बनवणाऱ्याला, विचारलं, तुमच्याकडे कसं असतं? तो म्हणाला, डायचे पैसे एकदा आणि आधी, मग पीसमागे जे काय ते. डाय लाखाची असो की दहा लाखांची, ती किती पीसांवर वाटायची हे पार्टीने बघायचं. मला ते निम्मंच लागू होत होतं. डाय झिजते, तिचं मेंटेनन्स मागता येतं. ड्रॉइंग झिजत नाही. पण ते शिळं होतं, हे नंतर लक्षात आलं. काही वर्षांपूर्वी पॅनेलं १९५६ गुणिले ९९२ ची होती, आज २२७८ ची आहेत, उद्या आणखी काही. कोडही १९८७ चा २०१५ मध्ये बदलला. ड्रॉइंग ताजं ठेवणं हेही काम आहे आणि त्याचे पैसे कुणीतरी द्यायला हवेत.

दुसरी गोष्ट उमगली ती स्टीलचा हिशेब मांडताना. एकाच शेडला मी दोन दिवस जास्त डोकं चालवून शंभर किलो वाचवले तर माझी दोन दिवसांची फी त्या शंभर किलोंपेक्षा जास्त होते. म्हणून एकाच शेडमध्ये सगळेच कन्सल्टंट थोडं जाड धरतात आणि त्यात गिऱ्हाइकाचंही भलंच असतं. शंभरदा, हजारदा बनणाऱ्या वस्तूत उलटं आहे. इथे एक किलो म्हणजे हजार किलो. जुनं किट १९० किलोच्या आसपास होतं. खांब बारीक करून, बेस प्लेट आणि तिरके टेके वाढवून, पर्लिनची अंतरं बदलून ते १७० वर येत होतं, आणि आधीपेक्षा मजबूत. वीस किलो, गॅल्व्हनाइज करून तयार मालाला किलोमागे ८५ रुपये धरले तर किटमागे १,७०० रुपये. हजार किटांना सतरा लाख. आणि मी पाऊण लाख सांगायला निघालो होतो.

हा कागद मी पुढच्या बैठकीला नेला. फीचा नाही, स्टीलचा. त्यावर शेठ बराच वेळ काही बोलले नाहीत, कॅल्क्युलेटर दोनदा फिरवला. मराठी भागीदारांनी मात्र नेमका प्रश्न विचारला. "साहेब, पहिल्या पीसचे पैसे समजले. दुसऱ्या पीसला तुम्ही काय करता?"

"काही करत नाही," मी म्हणालो. "पण तो उडाला तर फोन मला येतो."

यात अतिशयोक्ती नव्हती. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादनाच्या दायित्वाचं वेगळं प्रकरण आहे. उत्पादकाच्या व्याख्येत, विक्रीपूर्वी वस्तूचं डिझाइन करणाराही येतो, आणि डिझाइनमधला दोष हा दायित्वाचा एक स्वतंत्र आधार आहे. शेडच्या बाबतीत माझ्यासमोर एक मालक असतो, कारखानदार, व्यवहार समजणारा. इथे हजार घरमालक, ज्यांना मी कधी पाहिलेलंही नाही. माझी प्रोफेशनल इंडेम्निटी पॉलिसी (कामातल्या चुकीबद्दल दावा आला तर त्यासाठीचा विमा) आहे, पण ती दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षी चालू असावी लागते. काम २०२५ मध्ये केलं आणि दावा २०३५ मध्ये आला, तर २०३५ चा हप्ता भरलेला हवा. म्हणजे एकदा हजार किटांवर सही केली की प्रॅक्टिस बंद करून घरी बसलो तरी हप्ता काही सुटत नाही. हा खर्च संख्येबरोबर वाढतो. दुसऱ्या पीसचे पैसे त्याचे.

तत्त्व दोघांनाही पटलं. अडलं ते मोजण्यावर. रॉयल्टी म्हटलं की शेठच्या कपाळाला आठी. "म्हणजे माझ्या चोपड्या तुम्ही तपासणार?" मलाही त्यांच्या चोपड्या नको होत्या. किती माल गेला हे बाहेरच्या माणसाला कधीच कळत नाही, आणि दर महिन्याला 'किती गेले' असं विचारायचं म्हणजे जुने संबंध बिघडवायचे. ज्या कन्सल्टंट मित्रांशी बोललो त्यांनी हेच कारण सांगून रॉयल्टीच्या वाटेला जाऊ नकोस म्हटलं. एकाने सरळ सांगितलं, तिप्पट ठोक माग आणि विसरून जा. पण तिप्पट ठोक पहिल्याच दिवशी कुठला फॅब्रिकेटर देतो? त्याचा धंदा चालेल की नाही हे त्यालाच माहीत नसतं. शिवाय ठोक घेतलं की पुढे किटं कुठे कशी लागतात हे कळण्याचा माझा रस्ताच बंद. पैसे कमी मिळण्यापेक्षाही हा रस्ता बंद होणं मला जास्त नको होतं.

मार्ग निघाला तो सर्टिफिकेटमधून, आणि तो मुळात पैशासाठी काढलेला नव्हता. मी म्हटलं होतं की कोऱ्या कागदावर 'हे किट सुरक्षित आहे' असं मी लिहिणार नाही. किट सुरक्षित आहे ते अमुक वाऱ्यात, अमुक उंचीपर्यंत, अमुक पद्धतीने गच्चीला बांधलं तर. म्हणून सर्टिफिकेट साइटगणिक. प्रत्येक किटाला नंबर, एका खांबाच्या पायाशी रिव्हेट केलेली ॲल्युमिनियमची पट्टी, आणि त्याच नंबराचा एक तपासणीचा कागद. गच्ची जमिनीपासून किती उंच, स्लॅब कसला, अँकर की ठोकळे, ठोकळ्यांचं माप, पॅराफिटपासूनचं अंतर, चारही पायांचे फोटो. त्यावर बसवणाऱ्याची सही. तो कागद आल्यावर माझं सर्टिफिकेट. इन्स्टॉलरला सर्टिफिकेट हवंच असतं, त्यामुळे नंबर आपोआप माझ्याकडे येतो.

मग नंबरच का विकू नयेत? पन्नास नंबरांचा गठ्ठा, आगाऊ पैसे. चोपड्या नकोत, महिन्याचा हिशेब नको. नंबर संपत आले की शेठ पुढचा गठ्ठा मागतात. हा तोडगा मराठी भागीदारांनी बोलता बोलता सुचवला. मी फक्त तो कागदावर आणला. वर्कशॉपमधल्या माणसाला मोजणीची अक्कल ऑफिसातल्यापेक्षा जास्त असते, असं माझं जुनं मत आहे.

आकडे असे ठरले. डिझाइनची फी १,४०,००० रुपये. त्यात ३९ आणि ४४ मीटरची दोन रूपं, शॉप ड्रॉइंगं, आणि एक नमुना उभा करून लोडिंग. किट उलटं धरून त्यावर वाळूच्या गोण्या चढवायच्या, म्हणजे उचलण्याचा जोर खाली दाबून दिसतो. स्टीलच्या बांधकामाच्या कोडमध्ये, आयएस ८०० मध्ये, चाचणीच्या आधाराने डिझाइन करण्याचा वेगळा विभाग आहे, त्याची रीत पाळून. नंबराचा दर पहिल्या पाचशेंना १२० रुपये, पुढे ८०. हजार किटांना मिळून एक लाख. म्हणजे एकूण दोन लाख चाळीस हजार, सतरा लाखांच्या बचतीपुढे. जीएसटी १८ टक्के वेगळा. शेठनी १२० चे १०० करायला बराच जोर लावला. मी दर सोडला नाही, त्याऐवजी पहिला गठ्ठा डिझाइनच्या फीत धरून दिला, म्हणजे वरच्या बेरजेतून सहा हजार कमी. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. पाचशेनंतर दर उतरतो याचं कारण त्यांना सवलत वाटली. माझ्या लेखी कारण इतकंच की पहिल्या पाचशे गच्च्यांत जे काही विचित्र असेल ते समोर येऊन गेलेलं असतं.

भुजचं काय? ते मी या करारातून बाहेरच ठेवलं. ५० मीटरचा वारा आणि किनाऱ्याचा पट्टा म्हणजे वेगळं किट, वेगळी फी. शेठ म्हणाले, खांब जरा जाड केला की झालं. खांब नव्हे, ठोकळे दीडपट होतात, आणि मग प्रश्न येतो की गच्चीची स्लॅब ते वजन घेईल का. तो प्रश्न हजारांसाठी एकदा सोडवता येत नाही, घरोघर सोडवावा लागतो. गच्ची पंधरा मीटरपेक्षा उंच असेल तरीही तेच. करारात ही हद्द मी सगळ्यात आधी लिहिली, फीच्याही आधी. पुन्हा पुन्हा बनणाऱ्या वस्तूची फी म्हणजे खरं तर हद्दीची किंमत असते. हद्द जितकी रुंद तितकं डिझाइन जड, सही धोक्याची, आणि दर जास्त.

ड्रॉइंग कोणाचं, हा मुद्दा मी आधी हलक्यात घेणार होतो, पण वकील मित्राने थांबवलं. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे बाहेरच्या कन्सल्टंटने काढलेल्या ड्रॉइंगचा पहिला मालक कन्सल्टंटच, लेखी सोडून दिलं नसेल तर. लेखी दिलं पण मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारत. इथपर्यंत बरं. पण याच कायद्याच्या कलम १५ मध्ये एक गोम आहे. जे डिझाइन नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, त्याची वस्तू औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त वेळा बनली की त्यातला कॉपीराइट संपतो. पन्नास! माझा पहिलाच गठ्ठा. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर निकाल दिला, आणि ते प्रकरण वडोदऱ्याच्याच कमर्शियल कोर्टातून वर गेलेलं होतं. क्रायोगॅस इक्विपमेंट विरुद्ध आयनॉक्स इंडिया, एलएनजी वाहून नेणाऱ्या सेमीट्रेलरची इंजिनिअरिंग ड्रॉइंगं. न्यायालयाने म्हटलं, आधी पाहायचं की हे मूळ कलाकृती म्हणून कॉपीराइटमध्ये बसतं, की त्यातून काढून औद्योगिक पद्धतीने वस्तूला लावलेलं डिझाइन आहे; कॉपीराइटमध्ये बसत नसेल तर वस्तूचा मुख्य हेतू उपयोगाचा की दिसण्याचा, ते तपासायचं. माझे चार खांब कोणी दिसण्यासाठी घेणार नाही. त्यामुळे डिझाइन म्हणून नोंदणीचाही फार आधार नाही.

वकील मित्राचा सल्ला सरळ होता. कायद्यावर विसंबू नकोस, करारात लिही. लिहिलं ते असं. ड्रॉइंग वापरण्याचा हक्क या फर्मला, याच वर्कशॉपमध्ये, तीन वर्षं. बाहेर जॉबवर्कला द्यायचं असेल तर आधी कळवायचं. पाइपचं माप, ग्रेड किंवा गॅल्व्हनाइजिंग बदललं तर माझी लेखी मंजुरी, नाहीतर त्या नंबराचं सर्टिफिकेट रद्द. तीन वर्षांनी पॅनेल आणि कोड पाहून नूतनीकरण, त्याची फी मूळच्या चौथाई. आणि मी स्वतः मला वाटेल त्या गच्चीवर जाऊन पाहीन, येण्याजाण्याचा खर्च त्यांचा. शेवटच्या अटीवर शेठ हसले. "आवजो ने, साहेब, सेव उसळ खवडावीशुं." या ना, सेव उसळ खाऊ घालू.

गेलो. वाटेल त्या म्हणजे कागदावर जिथे फोटो जरा अंधुक होते अशा. बहुतेक ठीक होतं. एका नव्या सोसायटीत ठोकळे ड्रॉइंगच्या मापाचे होते, पण काँक्रीटऐवजी विटा रचून वरून गिलावा केलेला. फोटोत ते काँक्रीटच दिसतं. त्यानंतर तपासणीच्या कागदात ठोकळा ओतताना साच्यातला एक फोटो वाढवला, आणि त्या इन्स्टॉलरचे पुढचे नंबर भागीदारांनी स्वतःच अडवून ठेवले, मला सांगावं लागलं नाही. हे ठोक फीत झालं असतं असं मला वाटत नाही. नंबराला किंमत होती म्हणून तो अडवताही आला.

एक तोटाही सांगतो. सर्टिफिकेटं काढण्याचं काम मी धरलं होतं त्यापेक्षा बरंच निघालं. रोज संध्याकाळी फोटो पाहायचे, राहिलेली मापं मागायची. आता ऑफिसातली एक मुलगी ते बघते आणि तिचा पगार नंबरांतूनच निघतो, म्हणजे १२० रुपये वाटतात तितके माझ्या हातात पडत नाहीत. पुढच्या वेळी असं काम घेतलं तर तपासणीचे पैसे वेगळे आणि ड्रॉइंगच्या हक्काचे वेगळे लावीन. ८० रुपयांच्या टप्प्यात तर हे जास्तच टोचणार आहे.

सध्या शेठना सोसायट्यांसाठी १० किलोवॅटचं किट हवं आहे. डिझाइनच्या फीवर वाद नाही. नंबराचा दर कशावर लावायचा यावर आहे. ते म्हणतात किलोवॅटवर, कारण त्यांचं बिल किलोवॅटवर निघतं. मी म्हणतो चौरस मीटरवर, कारण पॅनेलची वॅट दरवर्षी वाढते आणि वारा वॅट मोजत नाही. मराठी भागीदारांनी मधला मार्ग काढला आहे, पॅनेलच्या नगावर, पण नग मोठा झाला तर काय, हे त्यात अजून लिहिलेलं नाही. पुढचा गठ्ठा घ्यायला येतील तेव्हा बोलू, असं ठरलं आहे.